पहिला शेजारी

ॲन आर्बरच्या घरात आम्ही राहायला आलो त्या दिवशी खोकीसुद्धा उघडून झाली नव्हती. दाराची घंटा वाजली म्हणून दार उघडलं, तर बाहेर एक सावळे, शिडशिडीत गृहस्थ उभे. डोक्याला माकडटोपी, आणि त्या माकडटोपीवर पुन्हा फ्रेंच शेतकरी घालतात तसली चपटी काळी टोपी. मी इंग्रजीत काही विचारणार तेवढ्यात ते स्वच्छ मराठीत म्हणाले,

"नमस्कार. मी नगराळे. पोस्टपेटीवर 'शिंदे' वाचलं म्हणून आलो. हे डावीकडचं घर माझं. तुम्ही माझ्या उजव्या हाताला राहायला आलात, म्हणजे आजपासून तुम्ही माझे पहिले शेजारी. मी मेलो तर सगळं तुम्हाला करावं लागेल. चहा नको, आत्ताच घेतला."

आणि टोपीला हात लावून गेलेसुद्धा.

अरुण आतून ओरडला, "कोण होतं गं?" मी म्हटलं, "शेजारी. मेल्यावर काय करायचं ते सांगून गेले." आम्ही दोघं खोक्यांवर बसून पोटभर हसलो. हा माणूस पुढं आमच्या आयुष्यात इतकी जागा व्यापून बसेल असं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी घर बदलून घेतलं असतं आणि आयुष्यभराचं नुकसान करून घेतलं असतं.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. अरुण मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. नगराळे सर अर्ध्या तासावरच्या एका छोट्या कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवायचे. माणूस भंडारा जिल्ह्यातला, वस्ती मिशिगनमध्ये आणि जीव सगळा फ्रान्समध्ये. पॅरिसमध्ये नव्हे. पॅरिसचं नाव काढलं की ते नाक मुरडायचे. फ्रान्सच्या नैऋत्येला डोंगराच्या पायथ्याशी मका आणि बदकं यांवर जगणारा एक आडवळणाचा मुलूख आहे, त्याला ते 'कांतों' म्हणत. नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही. ज्यांच्या घरात राहून त्यांच्याबद्दल लिहायचं त्यांचं नाव फोडायचं नाही, असा त्यांच्या शास्त्राचा नियम होता म्हणे. त्यामुळे आमच्याकरता ते नुसतं कांतों. सुट्टी लागली की सर कांतोंत. परत आले की तोंडात कांतों.

"कांतों म्हणजे तालुका का हो?" अरुणनं एकदा विचारलं.

"तालुक्याचं पोर म्हणा," सर म्हणाले. "पंधराएक खेडी आणि त्यांच्या मधोमध एक बाजाराचं गाव. त्या गावात पोलीसठाणं, दस्त करणारा नोटरी, गुरांचा डॉक्टर, मोठी शाळा आणि गुरुवारचा बाजार. सरकारी नकाशात बघाल तर बोटाच्या नखाएवढं. पण शेतकऱ्याचा जन्म, लग्न, भांडण, वाटणी, मरण सगळं त्याच्या आतच. पॅरिसमध्ये राज्य बदलतं ते त्यांना आठवड्यानं कळतं. कांतोंत कुणाची गाय व्याली ते त्याच दिवशी."

ते हे सांगू लागले की समोरच्याला ऐकावंच लागे. आवाज कधी चढायचा नाही, पण डोळे असे लकाकायचे की आपणही त्या गुरुवारच्या बाजारात बदकांच्या टोपल्यांमधून वाट काढतोय असं वाटे.

सगळ्यांना एकच कोडं असायचं. भारतातला माणूस, तोही त्या काळी इतक्या खडतर वाटेनं शिकून वर आलेला, तो स्वतःचं गाव सोडून फ्रेंचांची खेडी कशाला अभ्यासतो? गावच्या लायब्ररीत त्यांचं एक भाषण होतं, तेव्हा एका वयस्क अमेरिकन बाईंनी अगदी गोड आवाजात हाच प्रश्न विचारला. सर म्हणाले, "मॅडम, माझ्या लोकांना बघायला तुमच्याकडचे पुष्कळ विद्वान येऊन गेले. आमच्या झोपड्या मोजल्या, आमची डोकी मोजली, आम्ही काय खातो ते लिहून नेलं. म्हटलं, परतभेट द्यायला नको का? शिवाय आम्हाला तिथं जेवण फार चांगलं मिळतं." हॉलमध्ये हशा पिकला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. मला मात्र सरांच्या धारिष्ट्याचं नवल वाटत राहिलं. जगानं ज्याला सतत भिंगाखाली धरलं, त्यानं शांतपणे ते भिंग हातात घेऊन दुसरीकडे वळवावं, ही काही साधी गोष्ट नव्हे.

आमच्या मराठी मंडळातल्या काहींना वेगळंच कोडं असायचं. गणपतीच्या जेवणात हातात प्लेट घेऊन कुणीतरी हळूच विचारायचं, "नगराळे म्हणजे... कुठले हो तुम्ही?" प्रश्नाचा रोख त्यांना माहीत, विचारणाऱ्यालाही माहीत. सर निर्विकारपणे सांगायचे, "काझनाव." समोरचा गडबडे. मग सर खुलासा करत, "आमच्या कांतोंत आडनाव कुणी विचारत नाही. घराचं नाव विचारतात. मी ज्या घरात भाड्यानं राहतो त्याचं नाव काझनाव. म्हणजे नवं घर. तिथं मला सगळे त्याच नावानं हाक मारतात. आधीचा भाडेकरूही काझनाव, पुढचाही काझनाव. फार सोय आहे बघा." आणि पुढच्या वाक्यात 'जय भीम' म्हणून हसत निघून जायचे. विचारणारा श्रीखंडात चमचा फिरवत उभा.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं आणि वडील गावचे पाटील, हे कळल्यापासून सर मला 'पाटीलताई' म्हणायला लागले. त्यात चिडवणं किती आणि माया किती, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

पहिल्या बर्फात त्यांच्या शेजारधर्माचा प्रत्यय आला. सकाळी उठून बघतो तर आमच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ साफ, आणि सरांच्या स्वतःच्या दारात मात्र गुडघाभर ढीग. अरुणला लाजल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी तो लवकर उठला, तर सर त्याच्याआधी हजर. मग दोघांची चुरस लागली. शेवटी एक दिवस दोघंही अंधारातच फावडी घेऊन बाहेर पडले आणि एकमेकांच्या अंगणात एकमेकांवर ओरडत उभे राहिले. "सर, अहो तुमचं वय काय!" "शिंदे, आधी शेजाऱ्याचं, मग आपलं. आमच्या कांतोंत आपलं अंगण आधी झाडणाऱ्याला लोक हसतात." यार, या माणसापुढे काय बोलणार, असं पुटपुटत अरुण घरात आला.

शनिवारी ते शेतकऱ्यांच्या बाजारात जायचे. पिशवीत एक कांद्याची जुडी आणि एक पाव यापलीकडे काही नसे, पण तीन तास मोडत. "बाजार भाजीसाठी नसतो, पाटीलताई. भाजी निमित्त." तिथून कुणाला मूल झालं, कुणाची नोकरी गेली, कोणता नवा विद्यार्थी नागपूरहून आलाय आणि त्याच्याकडे जाड कोट नाही, हे सगळं त्यांना कळे. मग त्या पोराकडे कोट पोचे. ॲन आर्बरपासून ट्रॉयपर्यंतच्या मराठी घरांना ते 'आपला कांतों' म्हणू लागले. जातीनं, गावानं, पगारानं विखुरलेले आम्ही लोक, ज्या चर्चच्या तळघरात जमायचो ते आमचं बाजाराचं गाव. एकट्या राहणाऱ्या कितीतरी पोरांनी घरी आईवडिलांना सरांचा फोन नंबर देऊन ठेवला होता. काही झालं तर इथं कळवा.

आणि एक दिवस तसं झालं.

डिसेंबरातला शनिवार. अरुण कंपनीच्या कामाला बाहेरगावी. सकाळी सर दारात. दोन्ही टोप्या हातात. मी त्यांना कधीच उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं.

"पाटीलताई, कोट घाला. ट्रॉयला जायचंय. साठ्यांची आई गेली. त्यांच्या भावाला त्यांचा नवा नंबर मिळेना, म्हणून माझ्याकडे फोन आला."

ट्रॉयचे साठे आमच्या मंडळाचे खजिनदार. सांगलीचे. नुकतंच घर बदललेलं. मी म्हटलं, "सर, नंबर आहे ना आपल्याकडे! आधी फोन करा. दुपारचं विमान मिळेल त्यांना."

सरांनी मान हलवली. "फोन कानात बोलतो. माणूस कोसळला तर त्याला धरायला फोनला हात असतात का? त्यांची बायको आज कामावर असते. ते एकटे आहेत."

तासाचा रस्ता बर्फात दोन तासांचा झाला. मी गाडी चालवत होते आणि मनात चरफडत होते. हा आडमुठेपणा कशासाठी, कळेना. साठे गॅरेजमध्ये गाडीखाली शिरले होते. आम्हाला बघून हात पुसत बाहेर आले. "अरे वा, न कळवता? व्हॉट अ सरप्राइज!"

"आत चला, साठे," सर म्हणाले. "बसा." साठे बसले. मग सर त्यांच्या शेजारी बसले, गुडघ्याला गुडघा लावून, आणि मग सांगितलं.

साठे एकदम उसळले. "केव्हा कळलं तुम्हाला? सकाळी? आणि आत्ता सांगताय? फोन करायला काय झालं होतं! दुपारची फ्लाइट होती, ती गेली माझी! कोणत्या काळात जगता हो तुम्ही?" बरंच काही बोलले. त्यातलं काही बोलायला नको होतं.

सर उठले नाहीत. खुलासा केला नाही. "द्या शिव्या. मी बसलोय," एवढंच म्हणाले.

आणि मग तो सहा फुटी माणूस सरांच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. सर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. साखर कुठं आहे ते मिळेना, म्हणून बिनसाखरेचाच दिला. साठ्यांची बायको येईपर्यंत आम्ही तिथं होतो. सरांनी तिकिटाची व्यवस्था केली, सामान बांधून दिलं, साठ्यांना बळेच दोन घास खायला लावले. निघताना साठे दारापर्यंत आले आणि म्हणाले, "फोन आला असता तर मी त्या गॅरेजमध्ये एकटा असतो, सर." विमान गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतंच. ते नंतरही कधी लपवलं नाही त्यांनी.

परतताना मी सरांना म्हटलं, "लहानपणी आमच्याकडे असाच एक माणूस मरणाची बातमी घेऊन यायचा. हातात घुंगरांची काठी. अंगणाच्या बाहेर उकिडवा बसायचा आणि तिथूनच ओरडून सांगायचा. आई त्याच्या पदरात वरून जोंधळे टाकायची. मी ओसरीच्या खांबाआडून बघायची."

सर वायपरकडे बघत म्हणाले, "माझा बापही तेच करायचा."

गाडीत मग जे ऐकलं, ते मी आजवर विसरलेले नाही.

त्यांच्या गावात कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी वर्दी न्यायचं काम महारांचं. ऊन असो, पूर असो, मध्यरात्र असो. आठ-दहा कोस चालत जायचं, दाराबाहेर बसायचं, ओरडून सांगायचं आणि मिळाला तर शिळा तुकडा घेऊन परत फिरायचं. सर नागपुरात शिकत होते तेव्हा धर्मांतर झालं. त्या आठवड्यात वडिलांनी काठी चुलीत घातली आणि मुलाला समोर बसवून वचन घेतलं. कोणाच्याही मरणाची खबर घेऊन कोणाच्याही दारात जायचं नाही. उपाशी मरायची पाळी आली तरी नाही.

"आणि मी ते पाळलं," सर म्हणाले. "कांतोंत जाईपर्यंत."

कांतोंत ते राहत होते त्या घराला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घर. एका उन्हाळ्यात म्हातारा गेला. सकाळी त्याची सून सरांच्या दारात आली. रडत नव्हती. म्हणाली, "काझनाव, तुम्ही आमचे पहिले शेजारी."

तिथला रिवाज असा की ज्या घरी मरण होतं त्या घरच्यांनी काही करायचं नाही. नुसतं बसून रडायचं. बाकी सगळं पहिल्या शेजाऱ्याकडे. घड्याळ बंद करायचं त्यानं, चूल सांभाळायची त्यानं, गुरांना चारा घालायचा त्यानं. आणि साऱ्या कांतोंत घरोघर जाऊन खबर द्यायची तीही त्यानंच. पहिला शेजारी कोण, हे ना जात ठरवते ना पैसा. ज्याचं घर उजव्या हाताला लागून, तो. त्यानं नाही म्हटलं तर दोन घरांतला राबता पिढ्यान् पिढ्या तुटतो.

"ती माझ्या तोंडाकडे बघत उभी," सर म्हणाले. "आणि माझ्या डोळ्यांपुढे चुलीत जळणारी काठी. हो म्हणावं तर बापाला दिलेलं वचन मोडतं. नाही म्हणावं तर ज्या लोकांनी मला नवं नाव दिलं, त्यांच्या तोंडावर दार लावायचं. पाटीलताई, एवढा वेळ मी आयुष्यात कधी उंबऱ्यावर उभा राहिलो नाही."

"मग?"

"मग सायकल काढली."

पहिल्या घरी ते सवयीनं दाराच्या बाहेरच थांबले. म्हणाले, पाय पुढे टाकता येईना, अंगात भिनलेलं असतं ते. घरधनीण बाहेर आली, त्यांचा काळा कोट बघून काय ते समजली, हात धरून आत नेलं आणि टेबलाशी खुर्चीवर बसवलं. बातमी आणणाऱ्याला बसवून काहीतरी प्यायला दिल्याशिवाय बातमी ऐकायची नाही, हाही रिवाज. समोर वाइनचा पेला आला, घरच्याच पेल्यांतला. सरांनी तो प्यायला आणि मग सांगितलं. दुसऱ्या घरी पुन्हा तेच. तिसऱ्या घरी तेच. "साऱ्या कांतोंत घरं किती! संध्याकाळपर्यंत मी सायकलला आणत नव्हतो, सायकल मला आणत होती," असं म्हणून ते इतके हसले की मलाही हसू आलं. हसता हसताच त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्या दिवशी मला कळलं कांतों म्हणजे काय ते. सरकारनं ओढलेली रेघ नव्हे ती. एका माणसाच्या मरणाची खबर दुसरा माणूस स्वतःच्या पायानं जिथवर नेतो, तेवढा कांतों. पुस्तकात मी हेच लिहिलंय. आता तिथंही घरोघर टेलिफोन आलेत. खबर क्षणात पोचते आणि कांतों वर्षावर्षानं आटतोय."

"आणि वडील?"

त्या हिवाळ्यात ते गावी गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, पण लपवलं नाही. म्हातारा ऐकून उठून गेला. सकाळी लिंबाखाली दात घासता घासता विचारलं, "कुठी बसवलं तुले?"

"आत. खुर्चीवर."

"पानी कायच्यात देल्लं?"

"त्यांच्याच पेल्यात. पाणी नव्हतं बाबा, दारू होती."

म्हाताऱ्यानं चूळ भरली. "मंग थे वेगळं हाय," म्हणाला. वचन मोडल्याचा विषय तिथं संपला. पण जाता जाता आणखी एक प्रश्न त्यानं विचारला, आणि तो सरांच्या मनात घर करून बसला. "तू तिकडं एकटा. बायको नाही, पोर नाही. तू मेला तं तुयी खबर मायापर्यंत कोन आननार?"

ट्रॉयहून परतताना बर्फ थांबला होता. घर आलं तेव्हा मला, आमच्या पहिल्या भेटीत ज्या वाक्यावर मी पोटभर हसले होते, ते वाक्य आठवलं. या वेळी हसू आलं नाही.

त्यानंतर साताठ वर्षं आम्ही शेजारी होतो. आपल्या कांतोंत या काळात मरणाच्या ज्या बातम्या आल्या, त्या सरांनी नेल्या. एवढीच दुरुस्ती त्यांनी केली की आधी विमानाचं तिकीट राखून ठेवायचं आणि मग निघायचं. साठ्यांच्या शिव्यांचं ते फळ. ब्राह्मणाच्या घरी गेले, मराठ्याच्या गेले, नागपूरच्या पोरांच्या खोल्यांवर गेले. समोरच्या दारानं आत जायचे, मधोमध बसायचे, मग सांगायचे. पुढं पुढं सर न कळवता दारात आले की लोकांच्या छातीत धस्स होई. पण ते येऊ नयेत असं कुणाला वाटलं नाही. मंडळात 'कुठले नगराळे' हा प्रश्न कधी बंद पडला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. इथं वाढलेली आमची पोरं, जी काका-मावश्यांना जेमतेम 'हाय' करायची, तीसुद्धा सर आले की टीव्ही बंद करून उभी राहायची. माझ्या मुलीनं एकदा विचारलं, "आई, इज ही लाइक अ प्रीस्ट?" मी म्हटलं, "नाही गं, शेजारी आहेत." तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि खरं तर मलाही.

दशक संपत आलं तेव्हा त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी बर्फ उपसायला बंदी केली. अरुण सुखावला, कारण पहिल्यांदाच तो चुरस जिंकणार होता. ऑक्टोबरातल्या एका दुपारी सर म्हणाले, "पाटीलताई, गाडी काढा. कांतों फिरून येऊ."

मला वाटलं, झाडांचे रंग बघायचे असतील. पण ते मला एकेका घरापुढे गाडी थांबवायला सांगू लागले. कुठंच उतरले नाहीत. नुसतं बोट करायचे. "इथं घंटा वाजत नाही, कडी वाजवा. इथं आजी आहेत, त्यांना आधी नका सांगू, सुनेला सांगा. या घरी कुत्रं आहे. साठ्यांकडे शेवटी जा, नाहीतर ते तुम्हाला पुढं जाऊच देणार नाहीत." मला काय चाललंय ते कळत होतं आणि मी न कळल्यासारखं करत होते.

"आणि लक्षात ठेवा," ते म्हणाले, "आधी त्यांना बसू द्या. मग तुम्ही बसा. काही दिलं तर प्या. मग सांगा. घाई करायची नाही. मेलेल्याला घाई नसते."

घरी आलो. संध्याकाळचं ऊन पानांवर होतं. ते त्यांच्या दाराशी जाऊन थांबले, वळले, डोक्यावरच्या दोन्ही टोप्या काढल्या आणि मला म्हणाले, "वडील अजून आहेत, पाटीलताई. नव्वदीला टेकलेत." बस्स, एवढंच. मग टोप्या पुन्हा नीट एकावर एक घातल्या आणि आत गेले. तेवढं त्यांचं बोडकं डोकं, त्यावरचे विरळ पांढरे केस आणि मागं ते पिवळं झाड, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं.

जानेवारीत ते झोपेतच गेले. आम्हाला कळलं ते त्यांच्या दारातल्या बर्फावर पावलं उमटली नाहीत त्यावरून. खिडकीचा पडदाही सकाळी सारलेला नव्हता, म्हणून अरुण बघायला गेला.

मी त्यांचं घड्याळ बंद केलं. चुलीपाशी उभी राहिले. आणि मग काळा कोट घालून निघाले. घंटा वाजत नव्हती तिथं कडी वाजवली. आजींच्या सुनेला आधी सांगितलं. साऱ्या घरांनी मला आत बसवलं. साठ्यांकडे शेवटी गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्यामागं सर नाहीत हे पाहिलं, आणि काही न विचारता माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग स्वतः बसले. "आता सांगा," म्हणाले. नागपूरच्या पोरांनी त्रिशरण म्हटलं तेव्हा खालच्या आवाजात म्हणणाऱ्यांत साठेही होते.

पण कांतों अजून संपला नव्हता. एक दार उरलं होतं.

मी वर्ध्याला दादाला ट्रंककॉल लावला. वडिलांनंतर गावची पाटिलकी त्याच्याकडे होती, निदान त्याच्या मिशांकडे तरी. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, तार करून देतो त्यांच्या घरी."

"तार नाही, दादा. तू स्वतः जायचं."

"मी? भंडाऱ्याला? त्यांच्या वस्तीत, मी वर्दी घेऊन जाऊ?"

"ते माझे शेजारी होते," मी म्हटलं. मला रडू फुटलं, आणि त्याच वेळी लाइन तुटली. तो गेला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. पुन्हा फोन लावायचं धाडस मला झालं नाही.

त्या उन्हाळ्यात माहेरी गेले. जेवणं झाल्यावर दादा ओसरीवर, मी ज्या खांबाआडून बघायची त्याच खांबाला टेकून बसला, आणि आपणहून सांगू लागला.

"यष्टीनं गेलो. फाट्यापासून पायी. त्यांच्या दाराशी पोचलो अन् पाय अडले गं. बाहेरच उभा राहिलो. म्हातारा खाटेवर होता. कोन होय, म्हणाला. मी गाव सांगितलं, नाव सांगितलं. म्हणाला, पाटील, उन्हात कायले उभे, आत या. नातसुनेनं गिलासभर पाणी दिलं. प्यालो. मग सांगितलं."

"काही बोलले?"

"विचारलं, पायी आले का? म्हटलं, हो, फाट्यापासून पायी. नुसतं 'हं' म्हणाला. मग म्हणाला, पाटील, आता आनलीच हाय खबर तं साऱ्या वस्तीले सांगून या. मले उठवत नाही." दादानं मिशीवरून हात फिरवला. "गेलो की मग. दारोदार. प्रत्येक घरी चहा. एवढा चहा मी जन्मात प्यायलो नाही."

म्हाताऱ्यानं मुलाला लिंबाखाली विचारलेला प्रश्न माझ्या तोंडून आपसूक निघाला.

"कुठं बसवलं तुला, दादा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि माझा तो मिशाळ भाऊ, वडील गेले तेव्हाही ज्याचे डोळे ओले झाले नव्हते, पंचा तोंडाला लावून म्हणाला,

"आत. सगळ्यांनी आत बसवलं गं."